शितावर टिकलेली कळी

रविवारी सकाळी नऊ चाळीसला कॅमेलियाची कळी देठापासून निखळून रस्त्यावर पडली. जपानी चहाविधी शिकवणाऱ्या सेगावाबाईंचं फाटक तिथून सत्तावीस पावलांवर. कळी एकच होती!

"यंदा सेगावाबाई हिवाळ्याची शेगडी पेटवतील, त्या पहिल्या चहाला फूल माझंच!" असं निवृत्त पोस्टमास्तर कुरोइवांनी ऑगस्टपासून गल्लीला बजावलं होतं. अकरा वर्षं तो मान शेजारच्या मिझोगुचींचा. या वेळी एकच कळी टपोरी व्हावी म्हणून कुरोइवांनी बाकीच्या सगळ्या खुडल्या.

"अहो, एखादी राखीव ठेवा!" बायको फुसाए म्हणाली.

"राखीव सैन्याला लागतं!"

कळी तीन दिवस आधीच फुलू लागली. चहाच्या खोलीत उमललेलं फूल चालत नाही. उमलायच्या बेतातली कळीच हवी. म्हणून ती ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये, टोफूच्या शेजारी ठेवली. तिथं ती थांबली, पण देठ सैल झाला.

तरी ती पोचली असती. पण फुसाएला घेऊन निघाले, तर वाटेत मिझोगुची भेटले. कुरोइवा नमस्काराला वाकले. मिझोगुची त्याहून खाली वाकले. मागे कोण हटणार? तिसऱ्या वाकण्याला कळी टपकन पडली! मिझोगुचींची मान खालीच होती. त्यांना दिसायच्या आत फुसाएने कळीवर पदर... छे, किमोनोची बाही टाकली.

मिझोगुची पुढे गेल्यावर तिने सोबतच्या जेवणाच्या डब्यातल्या भाताचं एक शीत चुरडून कळी चिकटवली.

"धरेल?"

"जन्मभर पाकिटं चिकटवलीत, आणि मला विचारता?"

सेगावाबाईंनी फांदी बांबूच्या नळीत ठेवली. "वा, कुरोइवासान! काय शांत बसलीय!" कुरोइवांची छाती फुटभर फुगली. "आता थोडं दंव," म्हणत बाईंनी रिवाजाप्रमाणे फुलावर पाणी शिंपडलं.

छाती बसली. भिजलं की शीत सुटतं, हे पोस्टमास्तरांना कोण सांगणार!

आता एकेक पाहुणा गुडघ्यांवर सरकत फुलासमोर जाऊन वाकणार, आणि दर वेळी चटई हलणार. पहिले मिझोगुची. बराच वेळ निरखून म्हणाले, "देठाशी काहीतरी पांढरं आहे."

"दंव!" कुरोइवा जरा मोठ्यानेच म्हणाले.

"बाई, आमच्याकडचं दंव इतकं चिकट नसतं हो!"

फुसाए खोकली. बाई हसल्या नाहीत.

दहा वाजून बावन्न मिनिटं. सातांपैकी पाच जण वाकून झाले आहेत. कळी अर्धं बोट कलली आहे. सहावी फुसाए, श्वास रोखून, अगदी हळू वाकते आहे. तिच्यानंतर कुरोइवा.