चाळीस प्रार्थना, मध्यम आच

त्या रविवारी मी चर्चमध्ये उभा राहिलो नसतो, तर माझ्या बायकोचा हात मोडला नसता. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. (आमच्यात शपथ घेऊ नये म्हणतात, पण काही प्रसंगच तसे असतात.)

पास्टरांनी त्या दिवशी घरकामावर उपदेश केला. घर झाडणं, भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, हे सगळं प्रेमाने केलं तर तीसुद्धा उपासनाच आहे, असं ते म्हणाले. उपदेश इतका छान झाला की बायका डोळे पुसायला लागल्या आणि पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी पास्टरांनी विचारलं, "कुणाला दोन शब्द बोलायचेत का?"

असं कुणी विचारलं की मला बसवत नाही. मी उठलो आणि जाहीर केलं, की उद्यापासून महिनाभर आमच्या घरातलं सगळं काम मी करणार, उपासना म्हणून. बायकोने कोटाचं टोक ओढून "अहो, बसा ना" असं तीनदा म्हटलं. मी बसलो नाही. उलट याच विषयावर एक छोटीशी प्रार्थना केली. अकरा मिनिटांची. (मी चर्चच्या कमिटीत आहे. माझ्या प्रार्थना लांबतात अशी कुरबुर आहे. मी त्यांना सखोल म्हणतो.)

सोमवारी ऑफिसला निघण्याआधी मी फरशी पुसायला घेतली. बादलीत साबणाचं एक झाकण ओतायचं असतं म्हणे. देवाच्या कामात हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून मी अर्धी बाटली ओतली आणि गाणं म्हणत खोलीभर फडकं फिरवलं. "अगंबाई, वास काय छान येतोय!" म्हणत बायको आत आली, आणि पुढचं वाक्य तिने जमिनीवरून म्हटलं.

उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?" बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "उपासनेने."

इथवर फजिती माझी होती. खरं संकट पुढेच होतं. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीने सगळे एकाच पावाचा तुकडा खातात, आणि तो पाव गेली एकोणीस वर्षं माझी बायको करते. यीस्ट न घातलेला, जाड, गोल, साधा पाव. तिच्याआधी तिची आई करायची. माझी बायको चर्चमध्ये कधी बोलत नाही, गायनाच्या ग्रुपमध्ये नाही, कमिटीत नाही. पण पास्टर तो पाव उचलून मोडतात तेव्हा ती मान किंचित वर करते. महिन्यातून एकदा, एवढंच. आणि पहिला रविवार सहा दिवसांवर आला होता.

गुरुवारी संध्याकाळी कमिटीचे सेक्रेटरी तब्येतीची चौकशी करायला आले. चौकशी करून झाल्यावर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता आराम करा. पाव बेकरीतून आणू. खरं म्हणजे कायमचंच तसं करावं असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे. सोयीचं पडतं. रविवारी भोजनानंतर सगळ्यांसमोरच ठरवून टाकू."

बायको "बरं" म्हणाली. मग उठून खिडकीत गेली आणि वाळलेले कपडे एका हाताने काढायला लागली. त्यात माझा एक शर्ट ओला होता, तोही तिने काढला आणि घडी घालून ठेवला. एकोणीस वर्षांत तिने ओल्या कपड्याची घडी घातलेली मी पाहिली नव्हती.

"पाव मी करतो," मी म्हणालो.

सेक्रेटरींना ठसका लागला.

"तुम्ही?" बायको म्हणाली.

"मी. या घरातूनच जाईल पाव. तू फक्त कसा करायचा ते सांग."

ते गेल्यावर तिने कपाटातून आईची वही काढून दिली. पानं पिवळी पडलेली, अक्षर टपोरं. पहिल्याच पानावर नियम होता: 'पाव करताना स्वयंपाकघरात एकच माणूस. दार बंद. प्रार्थनेशिवाय तोंड उघडायचे नाही.' खाली चार ओळींची प्रार्थना: 'प्रभू, हात तुझे, पीठ तुझे. हे खातील त्यांचे भले कर. माझ्याकडून उणे राहील ते तू पुरे कर. घर आणि दार तुझ्या हाती. आमेन.' आणि मग कृती: 'मळणे, तीस प्रार्थना. भाजणे, चाळीस प्रार्थना, मध्यम आच.'

"म्हणजे किती मिनिटं?" मी विचारलं.

"मिनिटं मला नाही माहीत. आईकडे घड्याळ नव्हतं. चाळीस प्रार्थना झाल्या की पाव होतो."

"मोजायच्या कशा?"

तिने शर्टाच्या बटणांची एक डबी दिली. एक प्रार्थना झाली की एक बटण या वाटीतून त्या वाटीत. मला हे फार आवडलं. इतकं सोपं, इतकं भक्तिपूर्ण! आणि प्रार्थना म्हणजे तर माझ्या हातचा मळ. (असं मला वाटलं.)

रविवारी सकाळी सात वाजता मी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून स्वयंपाकघरात शिरलो. उपासना नऊला. हातातलं घड्याळ काढून बाहेर टेबलावर ठेवलं, कारण देवासमोर घड्याळ बघणं मला पटत नाही. बायको म्हणाली, "मी स्टुलावर बसते ना आत, गप्प." मी वहीतल्या नियमावर बोट ठेवलं आणि आतून कडी लावली.

मळायला सुरुवात केली. पहिली प्रार्थना वहीत होती तशीच म्हटली. पण खरं सांगू? चारच ओळी! प्रभुभोजनाच्या पावाला इतकी आखूड प्रार्थना मला जरा कंजूसपणाची वाटली. 'हे खातील त्यांचे' म्हणजे नक्की कुणाचे? म्हणून मी खाणाऱ्यांची नावं घेऊ लागलो. मग त्यांचे आजार. मग आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क, जे पाव खाणार नव्हते पण ज्यांना प्रार्थनेची अतिशय गरज होती. शब्द सावकाश, खालच्या पट्टीत, प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबून. तीस बटणं सरली तेव्हा माझे दंड थरथरत होते आणि मन भरून आलं होतं. पाव ओव्हनमध्ये सरकवला आणि पहिलं बटण उचललं.

आठव्या बटणाच्या सुमारास दारावर टकटक झाली.

"अहो, झालं का? आठ वाजले."

आता आली पंचाईत. बोलायचं तर नाही, फक्त प्रार्थना. मी आवाज चढवला, "हे प्रभू, तुझ्या दासीला कळू दे की आठवीच चालू आहे, आणि तिच्या मनाला शांती दे."

बाहेरून पुन्हा आवाज आला, "आठवी? कधीची आठवी?"

"हे प्रभू, तिला धीर धरायला शिकव."

मी पुढे चाललो. एकोणिसाव्या बटणाला किंचित वास आला. खमंग म्हणावा असा. मी डोळे मिटलेलेच ठेवले. (डोळे उघडे ठेवून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल मी कमिटीत एकदा बोललो होतो.) एकविसाव्याला दारावर थाप नाही, धडक बसली.

"अहो, कडी काढा! धूर येतोय!"

"हे प्रभू, अजून एकोणीस उरल्यात. तुझ्या दासीची श्रद्धा डळमळू देऊ नकोस."

तेव्हा माझ्या बायकोने जे केलं ते तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिने मोठ्याने प्रार्थना केली. साऱ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"हे प्रभू! तुझ्या दासाचे डोळे उघड! त्याला ओव्हन बंद करायची बुद्धी दे! आणि ती आत्ताच्या आत्ता दे! आमेन!"

मी डोळे उघडले. समोर काहीच दिसेना. चाचपडत ओव्हन बंद केला, कडी काढली. बायको आत आली, डाव्या हाताने खिडकी उघडली आणि मला ट्रे बाहेर ओढायला लावला. ट्रेमध्ये पाव होता. काळा, चकचकीत, दाराला पाचर म्हणून ठोकायच्या कामाचा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि प्लास्टरकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

"आठ वीस," ती म्हणाली. "जाऊ द्या. आणतील बेकरीतून."

मला फार लाज वाटली. हात मी मोडला, पाव मी जाळला, आणि आता तिची एकोणीस वर्षंही माझ्याच हातून जात होती. डब्यात बघितलं. पीठ जेमतेम एका पावापुरतं होतं.

"पुन्हा करू," मी म्हणालो. "तू इथेच बस."

"नियम?" ती म्हणाली.

"मोडू दे."

"तो नियम आईने आम्हा सात भावंडांसाठी लिहिला होता. आम्ही कच्च्या पिठाचे गोळे पळवायचो." ती नाक पुसत म्हणाली. "मी सांगणारच होते. तुम्ही कडी लावलीत."

मी पिठात हात घातला आणि प्रार्थनेसाठी घसा खाकरला.

"तुम्ही नका," ती म्हणाली. "तुम्ही मळा."

आणि ती सुरू झाली. मी उडालोच. एका दमात, पुटपुटत, मध्येच "पाणी थोडं घाला" म्हणत, चारही ओळी संपल्या आणि दुसरी प्रार्थना सुरूदेखील झाली. मी दोनदा मूठ दाबेपर्यंत एक बटण पलीकडे. मला आधी वाटलं, ही नुसती उरकतेय. मग लक्ष दिलं. 'माझ्याकडून उणे राहील ते तू पुरे कर' या ओळीला तिचा आवाज दर वेळी जरासा खाली जायचा. कुणाला ऐकवायचं नव्हतं तिला. कुणी ऐकत नसताना मी शेवटची प्रार्थना कधी केली, ते मला मळता मळता काही आठवेना.

आठ पस्तीसला पाव आत गेला. चाळीस बटणं. मी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलो आणि तोंडातून ब्र काढला नाही. तेवीस. एकतीस. पाव एका बाजूने फुगू लागला, मी घाबरून तिच्याकडे बघितलं, तिने थांबायची खूण केली. एकोणचाळीस. चाळीस, आमेन. मी ट्रे ओढला. फिकट तपकिरी, जरा वाकडा, पण पाव! घड्याळात आठ अठ्ठेचाळीस झाले होते.

तो स्वच्छ कापडात गुंडाळून आम्ही निघालो. पाव इतका गरम की मी तो या हातातून त्या हातात झेलत होतो, आणि बायको शेजारून "पडेल, पडेल, पडेल" म्हणत पळत होती. चर्चच्या पायऱ्या चढलो तेव्हा नऊला चार मिनिटं होती. सेक्रेटरी दारातच उभे होते, हातात बेकरीची पिशवी. त्यांनी माझ्या शर्टावरची काजळी बघितली.

"भाऊ, राहू द्या. हा ताजा आणलाय."

मी काही बोलणार, तेवढ्यात पास्टर मागून आले. त्यांनी कापड उलगडलं, पाव हातात घेतला, चटका बसून "अरे!" म्हणाले, आणि सरळ नेऊन टेबलावर ठेवला.

तो तासभर मी कसा काढला ते मलाच माहीत. पास्टरांनी पाव उचलला. आतून कच्चा निघाला तर? मोडलाच नाही तर? मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. पाव मोडला. मऊ, सरळ, एका झटक्यात. शेजारी बायकोने मान किंचित वर केली, आणि मी बाकाची कड सोडली.

भोजनानंतर सेक्रेटरी उभे राहिले. "पावाचं कायमचं काय ते ठरवायचं होतं," ते म्हणाले, आणि घोटाळले. त्यांच्या मिशीत अजून पावाचा एक कण होता. "पण आजचा पाव खाल्ल्यावर बेकरीचं नाव काढायची माझी हिंमत नाही. पाव वहिनींच्याच घरून येईल. फक्त त्यांचा हात बरा होईपर्यंत करणार कोण?"

सगळी मंडळी आमच्याकडे वळली. मी उठण्यासाठी गुडघे वाकवले होते, विषयाला धरून दोन शब्द मनात जुळवलेही होते. पण माझ्याआधी बायको उभी राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"आम्ही दोघं करू," ती म्हणाली. "हे मळतील, मी प्रार्थना करीन."

"आणि भाऊ?" पास्टरांनी हसत विचारलं. "भाऊ प्रार्थना नाही करणार?"

"करतील की," ती म्हणाली. "नंतर, भांडी घासताना. भांडी करपत नाहीत."

सगळं चर्च एका आवाजात "आमेन!" म्हणालं. माझ्या कुठल्याच प्रार्थनेला ते आजवर इतक्या मनापासून म्हणालं नव्हतं.