बरगडीखालचा खडा

उषाच्या पोटात दुखले की घरात जंताचे औषध निघे. नऊ वर्षांच्या पोरीच्या पोटात दुसरे काय असणार, यावर कुंभवलीच्या अख्ख्या चाळीचे एकमत होते. चार महिन्यांत तिने तीन औषधे रिचवली. जंत एकही निघाला नाही; दुखणे मात्र उजव्या बरगडीखाली मुक्काम ठोकून बसले.

तिचा बाप मारुती तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर. जिथे अणू फुटणार तिथले नट आवळणारा माणूस घरात अंगारेधुपारे कसे चालू देईल? त्याने बायको-मुलीला घेऊन पालघरचा दवाखाना गाठला आणि पोटाचा फोटो काढवला.

तरुण डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि ते खुलले.

"पित्ताशयात खडा! एवढ्या लहान मुलीला! मी हे फक्त पुस्तकात वाचलंय."

"म्हंजी कापाकापी, सायेब?"

"नक्की झालं तर मुंबईला ऑपरेशन. आज संध्याकाळी तेल-तूप बंद, जेवणानंतर या सहा गोळ्या. पित्ताशय फोटोत उठून दिसेल. उद्या उपाशीपोटी आणा."

दुसऱ्या दिवशी फिल्म पाहताना डॉक्टरांचा चष्मा नाकावर घसरला. खडा डावीकडे गेला होता.

"खडा चालतो कसा?"

मारुतीने बायकोकडे पाहिले. रखमाबाई उषाच्या फ्रॉककडे बघत होती.

"आज घाईत पोरीनं शमीज पाठ-पोट उलटी घातली," ती पुटपुटली.

शमीज उतरवली. काल उजव्या बरगडीवर होती ती बाजू आज डावीकडे पाठीवर गेली होती, आणि तिथे आतून चिंधीत शिवलेला पांढरा खडा. सातपाटीची काशीबाई चाळीत मासे विकायला येई. तिनेच दिला होता. "घोल मासळीच्या डोक्यातला हाय, बाय. दुखतंय तिथं शिव, दुखनं ओढून घेतो. मारुतीभाऊला बोलू नको."

एरवी मारुतीने आकाशपाताळ एक केले असते. आज त्याला हसूच आवरेना.

"म्हंजी माशाचा खडा! कापाकापी न्हाय!"

डॉक्टरांनी खट्टू होऊन फिल्म खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

"थांबा. गोळ्यांनी पित्ताशय पांढरं आलंय, आणि त्यात हे तीन काळे ठिपके. हे खरे खडे. साध्या फोटोत दिसलेच नसते."

"आन् ह्ये कुनी शिवले?" मारुतीने बायकोला विचारले आणि तो बाकावर बसला.

मुंबईचे ऑपरेशन नीट पार पडले. आठव्या दिवशी उषा खाटेवर बसून भाताला नावे ठेवू लागली, तेव्हा कुठे मारुतीच्या घशाखाली चहा उतरला. मोठे सर्जन कागद भरत होते.

"लहान मुलात खडा असेल, ही शंका पहिल्यांदा कोणामुळे आली?"

मारुती खोटे बोलणारा नव्हता. तो मागचे सगळे आठवून म्हणाला, "काशीबाई. सातपाटीच्या."

"किती वर्षं आहेत तिथे?"

"तीस तरी. रोज दारोदार फिरत्यात."

"कमाल आहे," सर्जन म्हणाले, आणि त्यांनी आदराने नाव लिहिले.

पुढच्या आठवड्यात जखम दाखवायला पालघरला गेले, तेव्हा डॉक्टरांनी तो कागद उघडला. 'प्रथम शंका : डॉ. काशीबाई, सातपाटी.' त्यांनी दोनदा वाचले. पेनाचे टोपण काढले. उषा बाकावर पाय हलवत शेंगदाण्याची चिक्की खात होती, आणि दुखत कुठेच नव्हते.

त्यांनी टोपण परत लावले.

"ये बाळ," ते म्हणाले, "पोट बघू."