लताबाई मनातल्या मनात बाजारात जातात

“डोकं का हलवलंत, लताबाई?”

“मग काय करू! मेला वरवरची चांगली वांगी दाखवत होता. म्हटलं, नको मला.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मशीनमध्ये झोपलेल्या लताबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की डोळे मिटा आणि मनातल्या मनात पेठ रोडच्या घरून पंचवटीच्या भाजीबाजारात चालत जा. वाट आठवताना मेंदूचा कुठला भाग काम करतो, ते मशीन टिपतं. लताबाईंच्या फिट्स मेंदूच्या एका बाजूच्या डागातून यायच्या. आठवणींचं काम दुसरी बाजू सांभाळत असेल, तर तो डाग काढून टाकता येणार होता. नाहीतर जन्मभर गोळ्या आणि धाकधूक. त्यासाठी डोकं तेवढं स्थिर हवं होतं. आता भाजीबाजारात जायचं आणि डोकं स्थिर ठेवायचं, हे कुठल्या बाईला जमलंय हो?

दाराशी धम्मपालराव घुटमळत होते. लताबाई एकदा रस्त्यात पडल्या, तेव्हापासून या भल्या माणसाने बायकोला दळणालासुद्धा एकटं सोडलं नव्हतं.

“मॅडम, मी आत बसतो. तिचा हात धरतो, म्हणजे हलणार नाही.”

“आत लोखंड चालत नाही.”

“किल्ल्या काढतो. पट्टा काढतो.”

“पट्टा राहू द्या! तुम्ही बाहेर बसा.”

दुसऱ्या खेपेला काही विकत घ्यायचं नाही असं ठरलं. फोटो पुन्हा पुसट आला.

“आता काय झालं?”

“वाटेत शेजारची चिमणाबाई भेटली. ‘बरी आहेस ना?’ म्हणाली. मान नको डोलवायला?”

“लताबाई, बाहेर पेशंट थांबलेत. ही शेवटची खेप. कुणाला ओळख दाखवायची नाही.”

“अशी कशी तोंड फिरवून जाऊ? काय म्हणतील लोकं!”

“त्यांची माफी मी मागते. तुम्ही फक्त चाला.”

मशीन धडधडलं. या वेळी लताबाई दगडासारख्या पडून राहिल्या. बाहेर आल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

“दुखलं का?” डॉक्टरीणबाई घाबरल्या.

“नाही हो. नाक्यावरून गेले, उतारावरून गेले, पार बाजारात पोचले. किती वर्षांनी! आणि कुठ्ठे म्हणून पडले नाही.”

तासाभराने डॉक्टरीणबाई हसतच बाहेर आल्या. दुसरी बाजू झकास काम करत होती. ऑपरेशन करता येणार होतं. धम्मपालरावांनी दोन वेळा चष्मा पुसला. मग मात्र त्यांना भलतीच शंका आली.

“लता, तू एवढी लांब चालत गेलीस. मी कुठे होतो गं?”

लताबाईंनी पदराने डोळे टिपले.

“घरी ठेवलं होतं तुम्हाला. दूध उतू जाईल, बघा म्हटलं.”