कक्क किकंकी

विषय : तळमजल्यावरील रिकामी जागा मिळणेबाबत.
संदर्भ : आमच्या हिचे गुडघे, डावा व उजवा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या वसाहतीत लिफ्ट नाही. (लिफ्टसाठी खड्डा आहे. त्यात लिफ्ट सोडून सगळे आहे.) बाजारातून आली की ही दर मजल्यावर टेकते आणि कठड्याला धरून माझ्या नोकरीचा उद्धार करते. म्हणून तळमजल्याची जागा रिकामी झाल्याची नोटीस लागली, तेव्हा जन्मभर लोकांचे अर्ज फायलीत लावणाऱ्या मी स्वतःचा अर्ज करायचे ठरवले. अर्ज टाइप केलेलाच हवा, अशी अट होती. मी एका बोटाने कामाला लागलो.

अडचण होती दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त ऑडिटरांची. ते रोज सकाळी आमचे वर्तमानपत्र वाचायला येतात आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचतात. लोकांच्या कागदात डोकावण्याचाच त्यांना पगार मिळत असे. आता ते विनावेतन डोकावतात.

"काय टाइप करताय?"

"काही नाही, सहज."

"सहजमध्ये 'गुडघे' दिसतंय."

दुसऱ्या दिवशी ते लंगडत आले.

आता मजकूर गुप्त ठेवणे भाग होते. मी एक सांकेतिक लिपी योजली. प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतले पुढचे अक्षर घालायचे. क चा ख, ख चा ग, असे करत शेवटच्या ळ चा पुन्हा क. काना-मात्रा जिथल्या तिथे. यात ङ आणि ञ यांनाही काम मिळणार होते. (ही दोघे इतकी वर्षे वर्णमालेत नुसती सही करून बसत. आमच्या खात्यातही होते असे दोघे.) अर्ज पाठवायच्या दिवशी उलट बदल केले की मूळ मजकूर हजर.

काँप्युटरला सांगितले, सगळ्या क चे ख कर. केले. सगळ्या ख चे ग कर. केले. मी खूश. असे करत ळ पर्यंत आलो, ळ चे क केले. 'बदल जतन करू का?' असे त्याने विचारले. वरून विचारणा झाली की हो म्हणायचे, ही माझी जुनी सवय.

मग पडद्याकडे पाहिले.

झाले होते असे, की क चे ख झाले ते मूळच्या ख मध्ये मिसळले. मग त्या सगळ्यांचेच ग झाले, पुढे सगळ्यांचेच घ. वाटेत भेटेल त्याला बरोबर घेत अख्खी वर्णमाला शेवटी क च्या घरी मुक्कामाला गेली होती. 'माननीय महोदय'चे 'काककीक ककोकक' झाले होते. 'पत्नीचे गुडघे'चे 'कक्कीके कुकके'. आणि शेवटी, 'आपला विश्वासू'च्या जागी, 'आकका किक्काकू'.

उलट बदल करू गेलो, तर काँप्युटर म्हणाला, ख सापडला नाही. ग सापडला नाही. घ सापडला नाही.

ही स्वयंपाकघरातून आली आणि वाचू लागली.

"अहो, हा अर्ज कोंबडीने केलाय का?"

"सांकेतिक आहे."

"आज शेवटची तारीख आहे. मला जिना चढवत नाही आणि तुम्ही संकेत करताय?"

पुन्हा टाइप करायला माझ्या बोटाला आठवडा लागला असता. पण आम्ही कारकून आहोत. अर्जात काय आहे याला महत्त्व नसते, आवक क्रमांकाला असते. क्रमांक आज घ्यावा, मजकूर मागून देता येतो. मी दोन प्रती काढल्या. एक द्यायला, एक स्थळप्रत. चपला घालेपर्यंत स्थळप्रत नाहीशी झाली. वर्तमानपत्रही नाहीसे झाले होते, त्याअर्थी ऑडिटर येऊन गेले होते.

वसाहतीच्या कचेरीत खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे 'कक्क किकंकी' म्हणजे काय?"

"नम्र विनंती."

"मग ठीक आहे. सही कुठंय?"

सही केली. शिक्का बसला.

पंधरवड्याने उत्तर आले : अर्ज मिळाला. मजकुराचे भाषांतर जोडावे. मी हुरळून गेलो. आठवून आठवून सगळा अर्ज नव्याने टाइप केला, गुडघ्यांवर दोन परिच्छेद जास्तच घातले, आणि नेऊन दिला. त्यावर शेरा आला : 'भाषांतरात क खेरीज बरीच अक्षरे आढळतात. ती मूळ अर्जात नाहीत. सबब भाषांतर मुळाशी विसंगत. खुलासा करावा.'

खुलासा करायला गेलो तर खिडकीवरचा कारकून म्हणाला, "अहो, तुमच्याच भाषेतला आणखी एक अर्ज आलाय. अक्षरन् अक्षर तोच. त्यांनी बघा कसं नीट उत्तर दिलं."

ऑडिटरांनाही भाषांतर मागितले होते. त्यांनी एकच ओळ लिहिली होती : 'मूळ मजकूर स्वयंस्पष्ट आहे.'

खाली मंजुरी होती.

ऑडिटर तळमजल्यावर राहायला गेले आणि लंगडायचे थांबले. ही आता बाजारातून आली की आधी त्यांच्याकडे टेकते. ते तिला दारातली खुर्ची देतात, पाणी विचारतात.

"माणूस चांगला आहे हो," परवा ही धापा टाकत वर येऊन म्हणाली. "मला म्हणाले, वहिनी, अर्ज कसा लिहायचा ते तुमच्या यांना मी शिकवीन."

माझा खुलासा सादर झाला आहे. अर्ज विचाराधीन आहे.