तीन डब्या आणि एक टीव्ही

वजनकाटे तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला एकच वस्तू घरी आणून चैन पडत नाही. फोनवरचं टीव्हीवर दाखवणारी बिनतारी डबी घ्यायची ठरली, तेव्हा निवृत्त निरीक्षकांनी तीन कंपन्यांच्या तीन आणल्या. आवडेल ती ठेवायची, बाकीच्या परत.

आज चार वाजता लेकीला पदवी मिळणार होती. दोनदा नापास होऊन, तिसऱ्या खेपेला. तिकडे जायची तिकिटंही काढली होती, पण गुडघा दुखतो म्हणून निरीक्षकांनी ती रद्द केली आणि बायकोला शब्द दिला, "मागच्या खुर्चीवरून काय दिसणार तुला? घरी पाय पसरून बघ!"

पहिल्या डबीने अकरा वेळा पासवर्ड विचारला आणि मग कायमचा अबोला धरला. दुसरी जोडली गेल्याचं फोनने छातीठोक सांगितलं, पण टीव्ही काळाच. इतक्यात वरच्या मजल्यावरच्या बाई दारात.

"काका, आमच्या टीव्हीवर गुडघ्याचा एक्स-रे आलाय. त्यावर तुमचं नाव आहे. घरात पाहुणे बसलेत हो!"

"डॉक्टरांना तर त्यात काही सापडलं नव्हतं," आतून बायको म्हणाली. "पाहुण्यांना सापडलं तर कळवा."

निरीक्षकांनी मान खाली घालून फोनमध्ये आपला टीव्ही शोधला. पावणेचारला दुसरी डबी सुरू झाली, पाठोपाठ तिसरीही. शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते. यांनी दोन्हींवर पदवीदानाचं तेच थेट प्रक्षेपण लावलं. आधी दुसरीची परीक्षा, मग तिसरीची.

बायको ठेवणीतले कपडे घालून समोर बसली. दुसरीचं चित्र आरशासारखं होतं. एकेक नाव पुकारलं जात होतं. अखेर लेकीचं नाव आलं आणि अख्ख्या पडद्यावर चौकट उगवली : 'आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.'

"घालवा ते!"

"घालवतो, घालवतो!" निरीक्षकांच्या पुढ्यात चार रिमोट होते. पहिल्याने आवाज गेला, दुसऱ्याने तो परत आला पण भाषा बदलली, तिसऱ्याने काहीच झालं नाही. चौकट हटली तेव्हा मंचावर कुणाचा तरी दाढीवाला मुलगा कमरेत वाकून नमस्कार करत होता.

  बायको उठली, खुर्ची जागेवर सरकवली आणि आत निघाली.  आता हातांना काहीतरी काम हवं म्हणून निरीक्षकांनी बटण दाबून तिसरी डबी लावली.

टीव्ही लेकीचं नाव पुकारत होता.

"अगं! अगं, ये! अजून व्हायचंय!"

बायको दारातच वळली. लेक पायरीवर अडखळली, सावरली, कागद घेतला आणि अध्यक्षांनी पुढे केलेला हात तसाच ठेवून पळत खाली उतरली. दोघं उभ्या उभ्या रडली.

दुसऱ्या दिवशी दुकानदार दोन डब्या परत घेताना चुकचुकला. "काका, ही चांगली सोडून ती ठेवलीत? ती पाऊण मिनिट मागे चालते."

"असू दे," बायको म्हणाली. "यांना चूक कळायला तेवढा वेळ लागतोच."