टोपलीतले आयरिस

आयरिसची फुलझाडं कुजण्याचा प्रश्न मी कायमचा सोडवलाय, असं मी एप्रिलमध्ये अख्ख्या गल्लीला सांगत सुटलो होतो. आमच्या कॅनडातल्या सस्कॅचेवानात बर्फ दिवसा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि त्या धरसोडीत आयरिसच्या गड्ड्यांचा आतून लगदा होतो. वास असा सुटतो की मांजरसुद्धा वाट बदलतं. लोक हात टेकतात. मी टेकणार नव्हतो.

टेकून चालणारही नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे टेक्लाबाईंनी, शेतावरचं घर विकून गावात फ्लॅट घेतला, तेव्हा सासऱ्यांनी लावलेले जांभळे आयरिस माझ्या हवाली केले. "मायरन, माणूस तर गेला. निदान त्याची फुलं सांभाळ," एवढंच म्हणाल्या. आणि पहिल्याच वसंतात निम्मेअधिक गड्डे बोटाने दाबले की पिकल्या केळ्यासारखे आत जायला लागले!

मी ते सगळे उपटले. सडका भाग खरवडत खरवडत पार पांढऱ्या, घट्ट गाभ्यापर्यंत पोचलो. घरातले चमचे जाड पडत होते, म्हणून सासूबाईंनीच लग्नात दिलेल्या चांदीच्या संचातला पातळसा चमचा घेतला. वरून भांडी घासायची पावडर चोळली. आता वाळवायचे, तर बाहेर वारा बोचरा. पण उन्हात उभी केलेली बंद गाडी छान तापते. गड्डे टोपलीत घालून मी गाडीत ठेवले, चमच्यासकट.

तेवढ्यात सासूबाई ईस्टरसाठी राहायला आल्या. फुलांची ही दशा त्यांना दिसू नये म्हणून मी टोपलीवर भरतकामाचा रुमाल टाकला आणि ती डिकीत ढकलली.

ईस्टरच्या सकाळी, आशीर्वादासाठी न्यायची खाण्याची टोपली तशाच रुमालाने झाकून डिकीत ठेवली आणि तिघं चर्चला निघालो.

"कसला वास येतोय रे?" सासूबाईंनी मागच्या सीटवरून विचारलं.

"लसणाचं सॉसेज आहे, आई."

"असं सॉसेज मी कुत्र्यालाही घातलं नसतं."

बायकोने, लेसियाने, माझ्याकडे जळजळीत पाहिलं. सॉसेज तिने केलं होतं.

चर्चच्या आवारात सगळे आपापल्या टोपल्या पुढ्यात मांडून गोल उभे होते. गोड पाव, रंगीत अंडी, लोणी, सॉसेज. फादर ओमेल्यान कुंचल्याने त्यांवर तीर्थ शिंपडत येत होते. मी धावत जाऊन डिकीतून टोपली आणली आणि शेजारी मेणबत्ती लावली.

"रुमाल काढा," फादर म्हणाले.

लेसियाने काढला. डिकीत दोन टोपल्या होत्या, हे मला नेमकं तेव्हा आठवलं.

फादर थबकले. शेजारचा स्टेफको आपली टोपली उचलून लांब गेला. सासूबाई वाकल्या, एक गड्डा हातात घेतला, खरवडलेली जागा निरखली. झालं, आता भर लोकांत आपली शोभा होणार, म्हणून मी बुटांकडे पाहत राहिलो.

"हे तर आमच्या ह्यांचे आयरिस," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "फादर, लोक खायचं घेऊन आलेत. माझ्या जावयाने आजारी फुलं आणलीत देवापुढे."

मी नम्रपणे मान डोलावली. दुसरं काय करणार? फादरही विरघळले आणि त्यांनी कुंचला असा झटकला की मी कष्टाने वाळवलेले गड्डे पुन्हा ओलेचिंब झाले.

घरी येऊन ते परत वाळवले. खडी घालून उंच वाफा केला आणि त्यात लावले. जूनमध्ये एकूण एक गड्डा फुलला! रविवारी चर्चचे लोक बघायला लोटले. स्टेफको तर टोपी काढून उभा राहिला. मी छाती काढून वाफ्याभोवती फेऱ्या मारत होतो. सासूबाईंनी एका फुलावरून हात फिरवला, आणि तो हात तसाच माझ्या गालावर ठेवला. मला खरंच भरून आलं.

मग अंगणात चहा झाला. "तीर्थाचा गुण," सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या. "फादरनी वाचवले."

हे मात्र अति झालं. खरवडणं माझं, पावडर माझी, खडी माझी! निदान चमच्याबद्दल तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

सासूबाई चहात साखर ढवळत होत्या. त्यांनी चमचा बाहेर काढला, समाधानाने चाटला आणि बशीत ठेवला. चांदीचा होता. पातळसा.

"फादरांचाच गुण, आई," मी म्हणालो.