जबड्यातलं तिकीट

तिकीट फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली होतं, तोवर सगळं छान चाललं होतं. धांदलला ते बघवेना, इतकंच.

(धांदल हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण घरात, बिल्डिंगमध्ये आणि कामावर सगळे तिला त्याच नावाने ओळखत, आणि हाक मारली की दचकून का होईना, ती ओ देई.)

तिकीटही साधंसुधं नव्हतं. 'आयर्न पॅरट' या बँडच्या शेवटच्या दौऱ्याचं होतं, आणि तेही स्टेजपुढच्या कठड्याला लागून उभं राहायचं. बारा वर्षांपूर्वी पॅरट शहरात आले तेव्हा ऐन त्या दिवशी धांदलला गालगुंड झालं होतं. दोन्ही गाल भोपळ्यासारखे सुजलेले, गळ्यापासून डोक्यापर्यंत मफलर, अशा अवस्थेत ती गच्चीत बसून वाऱ्याबरोबर मैदानावरून येईल तेवढं ऐकत होती. वारा उलटा होता. एकूण दीड गाणं ऐकू आलं. त्या दीड गाण्यावर तिने बारा वर्षं काढली, पॅरटच्या सातही रेकॉर्डी जमवल्या, त्यांच्यापायी इतर चारशे पाच जमवल्या, आणि 'उचल पंख' या गाण्यातली ती आरोळी, जी गायक गात नाही, समोरचे लोक देतात, ती घरी कोणी नसताना भातवाढणी तोंडापुढे धरून घोटून घोटून पक्की केली. आता ड्रमरचे गुडघे गेले होते आणि पॅरट निवृत्त होणार होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

तिकिटाच्या मागे छापलं होतं: 'हरवल्यास, फाटल्यास अथवा घरी विसरल्यास प्रवेश मिळणार नाही.' ही ओळ तिला आरोळीइतकीच पाठ होती.

तर फ्रिज. चुंबक तिला ढिलं वाटू लागलं. पंख्याने तिकीट उडेल. नवरा त्याच्या मागे 'साबण, बल्ब' असं लिहून ते बाजारात घेऊन जाईल. (नवरा तसा गुणी. पण त्याच्या लेखी उत्तम संगीत म्हणजे पाण्याची मोटर बंद झाल्यावरची शांतता.) शेवटी एका सोमवारी तिने विचार केला की घरात अशी एकच जागा आहे, जिथे तिच्याखेरीज कोणी हात घालत नाही. तिने तिकीट काढलं आणि पॅरटच्या तिसऱ्या रेकॉर्डच्या कव्हरमध्ये सरकवलं. त्या कव्हरवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढराशुभ्र मानवी जबडा आहे, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवणारा. त्याला बघून चोरसुद्धा मागे फिरेल.

तिने छातीवरचा हात काढला. सुटले एकदाची!

पण त्याच आठवड्यात सासूबाईंनी सासऱ्यांना स्वयंपाकघरातून हाकललं, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

सासरे चाळीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू त्यांना बेशिस्त दिसू लागली होती. त्यांनी डबे अकारविल्हे लावले आणि सासूबाईंना मीठ सापडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुमचे हात शिवशिवत असतील तर त्या सुनेच्या तबकड्या लावा जा. तिथे कोणी उपाशी तरी मरणार नाही."

आणि धांदल काय म्हणाली? कामावर निघताना, एक पाय चपलेत, दुसरा दाराबाहेर, ती म्हणाली, "हो हो बाबा, तुम्हाला हवं तसं लावा!"

शनिवार उजाडला. कार्यक्रम सहाला. दुपारी एक वाजता धांदल काळा टी-शर्ट घालून, वेणी आवळून, कपाटापुढे उभी राहिली आणि तिने हात घातला तो थेट 'कृषी' अशी पाटी लावलेल्या खणात.

"बाबा!" ती किंचाळली. कोचावर पेंगणारा नवरा ताडकन उठून बसला. "काय झालं? पाणी गेलं?"

सासरे चष्मा पुसत आले. "काय हवंय, सूनबाई? घाई नको. नोंदवहीत सगळं आहे."

"पॅरटच्या रेकॉर्डी!"

"पोपट? पक्षिशास्त्र. खिडकीशेजारी, वरून दुसरा खण."

पक्षिशास्त्रात पॅरटच्या सहा रेकॉर्डी एका रांगेत शहाण्यासारख्या उभ्या होत्या. सातवी नव्हती.

"जबडावाली कुठेय, बाबा?"

"ती पक्ष्यांत कशी असेल?" सासऱ्यांना हा प्रश्न शास्त्राला सोडून वाटला. "पोपटाला दात असतात का? ती वैद्यकात."

वैद्यकाच्या खणात एक पोकळी होती आणि पोकळीत एक कार्ड उभं होतं. सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'दिलेली. वाचक: दातांचे डॉक्टर, तळमजला. मुदत: सात दिवस.'

धांदलने ते कार्ड दोनदा वाचलं. "तुम्ही... दिलीत?"

"त्यांच्या विषयाची होती. वाचक आपल्याकडे येत नसेल तर आपण वाचकाकडे जावं. खूप आवडली हो त्यांना! मंगळवारी परत येईल."

"बाबा, त्यात माझं तिकीट आहे!"

मग सासूबाई आतून म्हणाल्या, "फ्रिजवर होतं ना? छान दिसत होतं तिथे."

धांदल दोन मजले धावत उतरली. डॉक्टरांना काय सांगायचं ते तिने जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं. 'नमस्कार, ती रेकॉर्ड माझी आहे, कव्हरमध्ये माझा कागद आहे, तेवढा काढून घेते.' सोपं वाक्य होतं. पण दवाखान्याच्या दारातल्या टेबलामागे पांढऱ्या कोटातल्या बाई होत्या, आणि त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पेशंट का?"

पांढऱ्या कोटापुढे धांदलची जीभ नेहमीच दगा देई. (ती स्वतः कानांच्या दवाखान्यात पांढरा कोट घालून दिवसभर लोकांना 'आवाज कमी ठेवत जा हं' असं बजावत असे, आणि घरी येऊन पॅरट लावत असे. त्यामुळे पांढरा कोट बघितला की आपली लबाडी पकडली गेली असंच तिला वाटे.)

"हो," ती म्हणाली. "दाढ... दाढ दुखतेय."

"बसा. चौथा नंबर."

अर्धं दार उघडं होतं. आत खुर्चीच्या बरोबर समोर, पेशंटला दिसेल असा, तिचा जबडा भिंतीवर टांगलेला होता. डॉक्टरांनी कव्हरला वरून दोन चिमटे लावले होते. आणि कव्हरच्या कडेतून एक केशरी कोपरा डोकावत होता! तिकीट केशरी होतं. धांदल खुर्चीत बसल्या बसल्या उडाली. शेजारच्या आजोबांनी तिचा हात थोपटला. "घाबरू नकोस पोरी. दोन मिनिटांचं काम असतं."

तिचा नंबर आला तेव्हा पावणेतीन झाले होते. ती आत गेली आणि भिंतीकडे झेपावणार इतक्यात डॉक्टर हसतमुखाने म्हणाले, "अरे, वरच्या मजल्यावरच्या तुम्ही! या, बसा. आ करा."

"डॉक्टर, खरं म्हणजे माझी दाढ—"

"तेच बघतोय. आ."

आता तोंड उघडं ठेवून माणूस काय स्पष्टीकरण देणार? डॉक्टरांनी आरसा आत घातला, दिवा फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "अरे बापरे! कसं सहन केलंत हो इतके दिवस?"

धांदलने काहीच सहन केलं नव्हतं. तिचा आजवर एकही दात दुखला नव्हता.

"मोठं भोक आहे. बरं झालं आज आलात, नाहीतर काढावी लागली असती." आणि 'मी नंतर येते' हे तीन शब्द तोंडातल्या कापसामागे जुळेपर्यंत सुई टोचून बाहेरही आली होती. जीभ जड झाली. डावा गाल तिचा राहिला नाही.

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "भ्भ्या! भ्भ्यात!"

"बरोब्बर!" डॉक्टर खूश झाले. "तुमच्या सासऱ्यांनी काय सुंदर चित्र दिलंय. ही बघा, तुमची दाढ ही." त्यांनी काडीने जबड्यावर टकटक केलं. कव्हर हललं. केशरी कोपरा अर्धा इंच आणखी बाहेर आला. धांदलच्या घशातून असा आवाज निघाला की बाहेरचे आजोबा उठून घरी गेले.

मग ड्रिल सुरू झालं. आणि खोटं कशाला सांगा, तेवढ्या काकुळतीतही तिचे कान टवकारले. तो सूर! पॅरटच्या चौथ्या रेकॉर्डवर, दुसऱ्या बाजूला, शेवटच्या गाण्यात गिटार नेमकी तिथेच जाऊन थांबते. तिचा पाय आपोआप ताल धरू लागला.

"पाय हलवू नका," डॉक्टर म्हणाले.

चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा दार उघडलं. काखेत नोंदवही घेऊन सासरे उभे होते. मागे सासूबाई. त्यांच्यामागे नवरा, धांदलच्या चपला हातात घेऊन. (ती अनवाणीच उतरली होती. हे तिला तेव्हा कळलं.)

"डॉक्टर," सासरे गंभीरपणे म्हणाले, "आत वाचकाची वस्तू राहून गेली आहे."

"पण मुदत मंगळवारपर्यंत आहे ना, काका? मला अजून चार पेशंटना दाखवायचंय."

"आहे. मुदतीआधी मी परत मागणार नाही, तो नियम नाही. मी फक्त झटकणार आहे. चाळीस वर्षं प्रत्येक पुस्तक झटकून घेतलं. एवढंच एक द्यायच्या आधी झटकायचं राहिलं." त्यांनी चिमटे सोडवले, जबडा उलटा धरला आणि झटकला.

आधी रेकॉर्ड सटकली. ती सासूबाईंनी दोन्ही हातांनी झेलली. मग तिकीट निघालं. ते पंख्याखाली गिरकी घेत, सगळ्यांच्या डोक्यांवरून, अगदी सावकाश, चूळ भरून थुंकायच्या भांड्यात उतरलं.

"पाणी! पाणी बंद करा!" नवरा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो पाणी बंद करा म्हणत होता.

डॉक्टरांनी कौतुक करावं अशी चपळाई दाखवली. चिमट्याने तिकीट अलगद उचललं, धांदलच्याच छातीवरच्या कागदी रुमालावर ठेवलं, आणि दात वाळवायची हवेची नळी त्यावर धरली. फुस्स, फुस्स. सासूबाई वाकून बघत होत्या. "कोपऱ्याला अजून ओल आहे, डॉक्टर. हां, तिथेच." तिकीट आकसलं, चुळीच्या औषधाने गुलाबी झालं, पण शाबूत राहिलं. दाढ भरून झाली. डॉक्टर म्हणाले, "तीन तास काही गरम पिऊ नका. आणि फार बोलू नका."

मैदानाच्या फाटकावरच्या माणसाने तिकीट हातात घेतलं, वास घेतला (लवंगेचा येत होता) आणि विचारलं, "हे काय?"

"भ्भिभीट," धांदल म्हणाली. डोळ्यांत पाणी, लोंबणारा गाल, हनुवटीवर लाळ. त्या माणसाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. "जा बाई, जा."

ती कठड्यापाशी पोहोचली आणि दिवे विझले!

पहिला ठोका पडला तो कानांत नाही, बरगड्यांत. बारा वर्षं रेकॉर्डच्या खरखरीमागे लपलेली गिटार समोर अंगावर चालून आली. धांदल उड्या मारू लागली. दाढ, तिकीट, पक्षिशास्त्र, सगळं विसरली. कधीही कशालाही दचकणारी ती, आकाशात फटाका फुटावा असे झांजांचे आवाज होत होते आणि ती हसत होती. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होती.

आणि मग 'उचल पंख' सुरू झालं. गाणं त्या जागेपर्यंत चढलं, वाद्यं थांबली, आणि गायक, पिकल्या केसांचा, घामाने निथळणारा, स्टेजच्या कडेला येऊन गुडघ्यावर बसला. त्याने माइक खाली धरला. नेमका तिच्या तोंडापुढे, आणि दुसऱ्या हाताने बाकीच्यांना थांबवलं.

बारा वर्षांची तयारी. छाती भरून श्वास. धांदलने आरोळी दिली.

"फ्भ्भ्भ्यूंऽऽऽल्ल्ब!"

हजारो लोक गप्प. माइकवर लाळेचा एक थेंब. गायकाने माइककडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता जमीन दुभंगावी. मग त्या म्हाताऱ्याने डोकं मागे टाकलं आणि स्वतःच आभाळाकडे बघत आरोळी ठोकली, "फ्भ्भ्भ्यूंऽऽऽल्ल्ब!" आणि सगळं मैदान उसळलं, "फ्भ्भ्भ्यूंऽऽऽल्ल्ब!" तीनदा! तिच्या नावाची नव्हे, पण तिच्याच तोंडची!

सहा महिन्यांनी त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली. पॅरटची आठवी आणि शेवटची. धांदलने ती घरी आणली, सगळ्यांना बसवलं, दुसरी बाजू लावली, आणि तिसऱ्या गाण्यात तिची आरोळी होती. स्वच्छ, स्पष्ट, कायमची. नवरा आपणहून म्हणाला, "परत लाव." सासूबाईंनी शेजारणीला बोलावलं. धांदलला रडू आवरेना. चारशे बारा रेकॉर्डी जमवणाऱ्या किती जणांचा स्वतःचा आवाज चारशे तेराव्यावर असतो?

सासऱ्यांनी मात्र शांतपणे डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. मग नोंदवही उघडली, टोपण काढलं आणि कव्हरच्या कोपऱ्यावर नीट क्रमांक घातला.

"पक्षिशास्त्रात ना, बाबा?" धांदलने डोळे पुसत विचारलं. "बाकीच्यांशेजारी?"

"छे. आता मी कव्हर बघून लावत नाही, आशय ऐकून लावतो," सासरे म्हणाले. "ही दंतवैद्यकात. आणि उद्यापासून सात दिवस मिळायची नाही हं. डॉक्टरांनी आधीच नाव घालून ठेवलंय. वेळेवर दाढ न दाखवणाऱ्या पेशंटना ऐकवायला त्यांना हवी आहे."